चौदा नंबरचा गोल

आपल्या सतरा वर्षांखालच्या फुटबॉल संघाचा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतला इतिहास गेल्या वर्षापर्यंत एका दमात सांगून व्हायचा. पात्र ठरलो एकदा. सामने तीन, पराभव तीन. खाल्लेले गोल अकरा, केलेला गोल एक. तो एक गोल बत्तीस वर्षं माझ्या नावावर होता, आणि मी त्या स्पर्धेत एक मिनिटही खेळलो नव्हतो.

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. ही गोष्ट तशी माझी नाही, पेटीमामांची आहे. पण मला वगळून ती सांगता येत नाही, त्याला माझा इलाज नाही.

पेटीमामा संघाचे सामानवाले. शर्ट, चड्ड्या, मोजे, बूट, पट्ट्या, पाण्याच्या बाटल्या, जे काही एका निळ्या पत्र्याच्या पेटीत मावेल ते सगळं त्यांच्या ताब्यात. कोच बदलले, मॅनेजर बदलले, सचिव तर इतके बदलले की पाटी रंगवणाऱ्याची चंगळ झाली. मामा मात्र चाळीस वर्षं तिथेच. मोठ्यांच्या संघात खेळाडू दहा-दहा वर्षं टिकतो, त्याच्या लग्नाला जाता येतं, त्याचं पोर मांडीवर घेता येतं. पोरांच्या संघात तसं नसतं. वय उलटलं की पोरगा बाद. दर दोन वर्षांनी मामांकडे अठरा भाचे यायचे आणि दोन वर्षांनी अठराच्या अठरा निघून जायचे. पहिल्यांदा घर सोडून आलेली ती पोरं, मिसरूड फुटायच्या बेतात असलेली. मामा त्यांना सांगायचे, "रक्त गार पाण्यात, घाम कोमट पाण्यात, आणि रडू आलं तर माझ्या टॉवेलात. कोचच्या समोर नाही." पोरं खरंच त्या टॉवेलात रडायची. मीही रडलोय.

मग तीच पोरं बाप्ये होऊन, बायकोमुलांना घेऊन कधीतरी मैदान दाखवायला यायची. "अरे, मामा अजून आहेत!" असं म्हणायची, खांद्यावर थाप मारायची आणि पुढे जायची. मामांना कुणी नावाने आठवत नसे, सगळे बुटाच्या मापाने आठवत. एखाद्या टक्कल पडलेल्या गृहस्थाकडे बघून म्हणायचे, "साडेसात! डावा पाय जरा मोठा!" गृहस्थ कसानुसा हसायचा. बायको विचारायची, कोण हो हे? तो म्हणायचा, सामानवाले. संपलं.

मामा राहायचे प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या खोलीत. छप्पर म्हणजे पायऱ्यांचीच खालची बाजू, त्यामुळे अर्ध्या खोलीत उभं राहता यायचं आणि अर्ध्या खोलीत वाकून. खाट वाकायच्या बाजूला, स्टोव्ह उभं राहायच्या बाजूला. थोरली बहीण होती तोवर जेवण तिच्याकडून यायचं. ती गेल्यावर मामा स्वतःच काहीतरी रटरट शिजवायचे आणि एका पातेल्यात दोन दिवस काढायचे. लग्न नाही केलं. विचारलं तर म्हणायचे, "अठरा पोरांच्या बापाला कोण मुलगी देणार?" पण सामने नसत त्या महिन्यांत, पोरं आपापल्या गावी गेलेली असत तेव्हा, मामा धुतलेले शर्ट पुन्हा धुवायचे. मैदानाच्या माळीदादांनी मला हे सांगितलं. मला ते ऐकून वाईट वाटलं आणि मी विषय बदलला. तेव्हा मी असाच होतो.

आता तो सामना.

स्पर्धेतला आमचा तिसरा आणि शेवटचा. आधीचे दोन हरून झाले होते, तीन-शून्य आणि चार-शून्य. दुसऱ्या सामन्यात हा चिखल! तिथल्या धुलाईवाल्याने सांगितलं, दोन दिवस लागतील. मामांनी राहत्या जागेच्या न्हाणीघरात बसून एकोणतीस शर्ट हाताने धुतले. पहिल्या अकरा नंबरांचे दोन-दोन असत, एक अंगावर आणि एक पेटीत जोडीला; आम्हा सात राखीवांचा एकेकच. सामन्याच्या वेळेपर्यंत अठ्ठावीस वाळले. नऊ नंबराचा जोडीचा शर्ट काखेत ओलसर राहिला. मामांचा एक नियम होता, मोडेन पण वाकणार नाही असा: ओला कपडा पेटीत घालायचा नाही. एक ओला घातला की सगळ्यांना वास लागतो. त्यांनी तो शर्ट खिडकीत वाळत टाकला आणि पेटीला कुलूप लावलं. दुसऱ्या कुणी तो कोंबला असता पेटीत. इतकं नीटनेटकं असणं हीच त्यांची चूक झाली.

साठाव्या मिनिटाला आमच्या नऊ नंबरला समोरच्याचं कोपर नाकावर बसलं. रक्ताची धार. शर्ट पुढून लालभडक. पंचांनी बाहेर बोट दाखवलं, शर्ट बदलून ये. मामांनी पेटीत हात घातला. आठ होता, दहा होता. नऊ खिडकीत वाळत होता.

मामांचा चेहरा मी पाहिला. मी बाकावर बसलो होतो, तिन्ही सामने तिथेच बसलो होतो, बूड सपाट झालं होतं. अंगाने मी आणि नऊ सारखेच.

"चौदा," मामा म्हणाले, "काढ शर्ट."

मी काढला. तो नऊने घातला. मामांनी त्याच्या नाकात कापसाचे बोळे कोंबले, पाठीवर थाप मारली आणि तो आत पळाला. मामा मॅनेजरांकडे धावले. "साहेब, चौथ्या पंचांना सांगा, मुलगा तोच आहे, फक्त शर्ट बदललाय." तिथली भाषा मामांना येत नव्हती, नाहीतर स्वतःच सांगितलं असतं. मॅनेजर आणि कोच तेव्हा तोवर खाल्लेले चार गोल कुणामुळे झाले यावर भांडत होते. "हो हो, सांगतो," असं म्हणून त्यांनी हात झटकला. कसलं सांगतात, डोंबल!

आणि अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला त्या पोराने गोल केला. नाकात कापूस, तोंडाने श्वास, पाठीवर माझा नंबर. मी उघड्या अंगावर टॉवेल घेऊन बाकावर उभा राहून ओरडत होतो.

दुसऱ्या दिवशी छापील अहवाल हातात आला. एकसष्टाव्या मिनिटाला नऊ बाहेर, चौदा आत. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला गोल, चौदा. तिथल्या कारकुनाने कागद नीट जुळवला होता. मामा तो घेऊन मॅनेजरांकडे गेले. मॅनेजर म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. न सांगता शर्ट बदलला म्हणून गेलो तर गोलच काढून घेतील. मग काय, तीन सामन्यांत भोपळा घेऊन घरी जायचं? सगळ्यांनी तोंडं बंद ठेवायची." आम्ही अठरा पोरं खाली बघत उभे होतो. नऊ म्हणाला, "जाऊ दे साहेब, पुढच्या स्पर्धेत परत करीन." दोन महिन्यांनी त्याचं वय उलटलं. पोरांच्या संघात पुढची स्पर्धा नसते, ती पुढच्या पोरांची असते.

माझ्या बाबांनी स्टेशनावरच्या स्टॉलमधले वर्तमानपत्राचे सगळे अंक विकत घेतले. आता अशा माणसाला काय सांगणार? नाही सांगितलं. पुढे खेळाडूंच्या कोट्यातून पाणीपुरवठा खात्यात नोकरी लागली, मीटर तपासण्याच्या शाखेत. तिथे मी 'गोलवाले साहेब' झालो. शाळांच्या बक्षीस समारंभांना बोलावणी यायची. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! खोटं मी एकदाही बोललो नाही, फक्त खरं बोललो नाही. हा फरक मी स्वतःला बत्तीस वर्षं समजावत होतो, आणि पटला नाही की राग मीटरांवर काढत होतो. संघातल्या कुणालाही मी पुन्हा भेटलो नाही. बाकीचे सोळा देशभर पांगले. नऊ याच शहरात होता, मामाही याच शहरात, आणि मीही. मैदानाकडून जाणारी बस मी घेत नसे, एक फेरा जास्त पडला तरी चालेल. बाबा गेले, बायको गेली, मुलगा परदेशात. तो दर रविवारी फोन करतो आणि जेवलात का विचारतो. मी हो म्हणतो.

मग बत्तीस वर्षांनी आपला पोरांचा संघ पुन्हा पात्र ठरला. महासंघाने ठरवलं, मैदानाच्या भिंतीवर मोठा फलक लावायचा, पोरांच्या संघाची आंतरराष्ट्रीय कामगिरी. सचिवांनी मला पत्र पाठवलं, फलकाच्या उद्घाटनाला या, तुमचा सत्कार आहे. पत्र आलं त्याच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी, मीटर शाखेच्या दारात मामा उभे.

सत्तरी उलटलेली. पॅन्टला इस्त्री कडक, हातात प्लास्टिकची पिशवी.

"चौदा," ते म्हणाले.

मी मीटर खाली ठेवला. "मामा, तुम्ही इथे कसे?"

"चालत. बस चुकली." त्यांनी पिशवीतून कागद काढला. स्वतःच्या अक्षरात लिहिलेला, एका बाजूला उतरत गेलेल्या ओळींचा. गोल चौदा नंबरने केलेला नाही, नऊ नंबरने केला. नऊ शेवटपर्यंत मैदानात होता. शर्ट मी बदलला, चूक माझी आहे. "सचिव म्हणतात, फलकावर बदल करायचा तर दोन सह्या लागतील. ज्याच्या नावावर आहे त्याची आणि ज्याचा आहे त्याची. रंगारी शनिवारी येणार आहे. एकदा फलक चढला की मग मी मेल्यावर कोण बदलणार?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. खरं सांगतो, भीती वाटली की मला आधी राग येतो. "बत्तीस वर्षं झोपला होतात का?"

"झोप लागली असती तर आलो असतो का रे?"

"लोक काय म्हणतील मला? नोकरी या गोलावर मिळालीय माझी. तुमचं काय जातंय, तुम्ही मोकळे!"

मामांनी कागदाची नीट घडी केली, पिशवीत ठेवला. जाता जाता माझ्या बुटांकडे बघून म्हणाले, "टाचेला झिजलाय. बाहेरच्या बाजूने चालतोस अजून." आणि गेले. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

शुक्रवारी सचिवांचा फोन आला, पोरांचा सराव आहे, दोन शब्द सांगा त्यांना, उत्साह येईल. नाही म्हणायला हवं होतं. गेलो. मैदानाच्या कडेला अठरा पोरं गवतावर बसली होती, सोळा-सोळा वर्षांची. मामा पलीकडे सरावाच्या रंगीत बंड्या गोळा करत होते, कमरेत वाकून. माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी. मी गोल सांगितला. चांगला सांगतो मी, सवय आहे. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग एका पोराने हात वर केला आणि विचारलं, "सर, चेंडू पायाला लागला तेव्हा कळलं का, की हा आत जाणार? कसं वाटलं पायाला?"

बत्तीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. शाळेतल्या बाई विचारतात, तयारी कशी केली. पत्रकार विचारतात, आईवडिलांचा पाठिंबा होता का. पायाला कसं वाटलं हे फक्त खेळणारं पोर विचारतं. मी तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. "तसं काही... कळत नाही तेव्हा," मी म्हणालो. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांना माहीत होतं की कळतं. पलीकडे मामा त्याच त्या चार बंड्या पुन्हा पुन्हा मोजत होते, मान वर न करता. मला वाचवत होते ते. त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटली.

सराव संपल्यावर मी पायऱ्यांखालच्या त्या खोलीत गेलो. डोकं छपराला आपटलं. "आणा तो कागद," मी म्हणालो. सही इतकी जोरात केली की पेनचं टोक कागदातून गेलं. मामांनी फाटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला.

"आता नऊची," मी म्हणालो. "गेला होतात त्याच्याकडे?"

मामा स्टोव्हकडे बघत होते. "नाही."

"इतक्या वर्षांत एकदाही नाही?"

"कोणत्या तोंडाने जाणार? त्याच्या दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत जातो कधीकधी, आणि परत येतो." मग म्हणाले, "तू येतोस बरोबर?"

नऊचं दुकान मैदानापासून चार बसथांबे. मी त्या दिवशीच पाहिलं. कुलूप-किल्ल्यांचं, दोन माणसं उभी राहिली की भरेल एवढं. भिंतीवर खिळ्यांना कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या. तो कानशीने किल्ली घासत होता. केस पांढरे, नाक मधोमध वाकडं. मामांनी मला पुढे ढकललं, मी मामांना पुढे ढकललं. दोन बाप्ये दारात ढकलाढकली करताहेत हे बघून त्याने मान वर केली.

"साडेसहा," मामा म्हणाले.

तो कानशी चालवतच राहिला. मी भराभर सांगून टाकलं, फलक, सचिव, सही. त्याने हात पुसले, कागद घेतला, न वाचता सही केली.

"वाच तरी," मामा म्हणाले.

"काय वाचू? मी काय केलं ते मला माहीत आहे." त्याने कागद परत दिला. "झालं? निघा मग."

आम्ही निघालो नाही. कसे निघणार? त्याने पुन्हा कानशी उचलली आणि खाली ठेवली.

"मामा, कागदाला बत्तीस वर्षं लागली त्याचं मला काही नाही. पण तुम्ही चार थांब्यांवर होतात हो. मी घरी आलो, गल्लीत सांगितलं, गोल मी केला. लोकांनी पेपर दाखवला. महासंघाला पत्र लिहिलं, उत्तर आलं, नोंदीप्रमाणे गोल चौदाचा. मग मला अठ्ठ्याऐंशी म्हणायला लागले. ए अठ्ठ्याऐंशी, किल्ली झाली का? ज्यांना कशाबद्दल ते माहीतही नाही तेसुद्धा म्हणतात आता. आणि पुढे पुढे मलाच वाटायला लागलं, नाकावर मार बसला होता, डोकं फिरलं असेल, खरंच बाहेर बसलो असेन मी. एकट्या माणसाला स्वतःचं खरं असं धरून नाही ठेवता येत, मामा. गोल गेला खड्ड्यात. मला एक माणूस हवा होता, दारात येऊन म्हणणारा, हो रे, मी पाहिलं."

मामा म्हणाले, "मला वाटलं, तू दारात उभं करणार नाहीस."

"शिव्या दिल्या असत्या. मग बसवलं असतं."

मामांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. टॉवेल बिवेल काही नव्हतं, बाहीने पुसत होते. माझ्याकडे नऊने बघितलंसुद्धा नाही, आणि ते मला अगदी योग्य वाटलं.

तेवढ्यात त्याची मुलगी डबा घेऊन आली. पंचविशीची, पलीकडच्या औषधाच्या दुकानात कामाला होती. "कोण हो हे, बाबा?"

"मी तुझ्या बाबांच्या संघाचा सामानवाला," मामांनीच सांगितलं.

"फुटबॉलचा?" ती जरा संकोचली, बापाकडे बघितलं. "मी मोबाईलवर पाहिलंय ते. बाबांना एकसष्टाव्या मिनिटाला बाहेर काढलं होतं ना?"

नऊने पाठ फिरवली.

"नाही गं बाई," मामा म्हणाले. "शर्ट काढला होता. पोरगा आतच होता. शेवटपर्यंत." आणि मग त्यांनी तिला गोल सांगितला. मी तो शेकडो वेळा सांगितला असेल, पण मामांनी सांगितला तसा नाही. नाकात किती बोळे होते, कोणत्या बुटाचा खिळा सैल होता, चेंडू डावीकडून कसा उसळत आला, गोलकीपर कसा पुढे धावून लोळला आणि याने कसा चेंडू नुसता थांबवला, त्याला पुढे घसरत जाऊ दिलं, आणि उजव्या पायाने...

"डाव्या," नऊ भिंतीकडे तोंड करून म्हणाला.

"डाव्या?"

"डाव्या पायाने. आतल्या बाजूने. लागला तेव्हाच कळलं होतं."

"डाव्याच," मीही म्हणालो. "मी बाकावरून पाहिलं. उघडा होतो, थंडी वाजत होती."

"आणि मग?" मुलीने विचारलं. डबा अजून तिच्या हातातच होता.

"मग काय," मामा म्हणाले, "तुझा बाप जाळ्यातून चेंडू काढून काखेत मारून पळत सुटला मधल्या रेषेकडे. चार-एक होते, दोन मिनिटं राहिली होती. वेड्याला वाटत होतं अजून तीन होतील!"

नऊ वळला. तो हसत होता आणि त्याचं वाकडं नाक लाल झालं होतं. "झाले असते," तो म्हणाला. "पंचाने घाई केली."

शनिवारी रंगाऱ्याने फलक रंगवला. गोल नऊच्या नावावर. माझ्या नावापुढे आहे, राखीव, सामने शून्य. खात्यात सांगितलं तेव्हा वाटलं होतं आभाळ कोसळेल. साहेब म्हणाले, "बरं," आणि सही करायला फाइल पुढे केली. आता मला कुणी गोलवाले साहेब म्हणत नाही. काहीच म्हणत नाहीत. पोरांचा संघ गेला, तीन सामने हरून परत आला, गोल एकही नाही. त्यामुळे सगळ्या इतिहासात गोल अजून तो एकच.

मामा मात्र दर रविवारी नऊकडे जायला लागले. दुकान बंद असायचं, पण ते मागच्या खोलीत बसायचे, जेवायचे, भांडायचे, खिळा कोणत्या बुटाचा सैल होता यावर. मलाही बोलावलं. नऊने पहिल्या दिवशी मला शिव्या दिल्या, मोजून दिल्या, आणि मग बसवलं. मुलाचा फोन आला की मी सांगायचो, जेवतोय, नंतर कर. असे एकोणीस रविवार झाले.

विसाव्या रविवारी बाराच्या पुढे गेले तरी मामा आले नाहीत, तेव्हा आम्ही दोघं बसने मैदानावर गेलो. माळीदादा पायऱ्यांपाशीच बसले होते. ते उठून उभे राहिले, तेव्हाच कळलं. मामा खाटेवर होते, वाकायच्या बाजूला, झोपेतच गेलेले. माझ्याने आत जाववेना. नऊ वाकून आत गेला, खाटेच्या कडेला बसला, त्यांच्या पायावर हात ठेवला. मला वाटलं तो रडेल. तो चिडला होता. माझ्याकडे वळून, जणू मीच काही केलंय अशा आवाजात म्हणाला, "आत्ता कुठे यायला लागले होते रे."